नात्यात सही नाही

अर्ज शेवटच्या अंगठ्यापर्यंत वाचून मास्तरांनी त्याची होती तशी घडी घातली आणि टेबलावरून आक्कांकडे सरकवली. "ह्येच्यार माजी सही होवची नाय, आक्का," ते म्हणाले.

आक्का म्हणजे त्यांची सख्खी थोरली बहीण. सत्तरीला टेकलेली. लग्नानंतर तीनच वर्षांत कपाळ पुसून माहेरी आली आणि पलीकडच्या वाडीतल्या पालवांच्या घरात राहिली ती राहिलीच. त्या दिवशी ती वाडीतल्या पाच बायकांना घेऊन दीड तास चालत, मग एस.टी.नं, अशी तालुक्याच्या गावी आमच्या कार्यालयात आली होती. बायका बाहेर बाकड्यावर बसल्या होत्या. मे महिन्याचा दुसरा आठवडा, वीज गेलेली, आणि मास्तरांच्या समोर आणखी अठ्ठावीस अर्ज.

मास्तर म्हणजे आमदार विश्राम पालव. आधी बावीस वर्षं शाळेत मास्तर, मग चौदा वर्षं आमदार, पण लोकांच्या तोंडातून 'मास्तर' काही गेलं नाही आणि 'साहेब' म्हटलेलं त्यांना खपायचं नाही. मी त्यांचा स्वीय सहायक, शेंडगे. माण तालुक्यातला, म्हणजे कोकणच्या हिशेबात घाटी. मालवणी समजायला मला दोन वर्षं लागली, बोलायला अजूनही येत नाही. या गोष्टीला आता तीस वर्षं होत आली, तरी त्या उन्हाळ्यातलं एकेक वाक्य मला आठवतं, कारण नऊ वर्षं माझं कामच ते होतं. मास्तर बोलायचे आणि मी उतरून घ्यायचो.

"कित्याक होवची नाय?" आक्कांनी विचारलं.

"पलीकडची वाडी माजी आसा म्हणान."

"मगे आमी काय पाप केलंव? तू थंय जन्माक इलंस म्हणान आमका साकव नाय?"

साकव म्हणजे ओढ्यावरचा पायपूल. कोकणात ओढ्याला व्हाळ म्हणतात. उन्हाळ्यात त्यातून चालत जाता येतं, आणि आषाढात तोच व्हाळ म्हैस ओढून नेतो. पलीकडच्या वाडीतली तेरा घरं दर वर्षी मिरगाच्या आधी माडाचे दोन लांब सोट आडवे टाकून, वर बांबू बांधून लाकडी साकव घालायची. घरटी एक खांदा यायचा. मुंबईला गेलेले चाकरमानीही त्यासाठी मे महिन्यात रजा काढून यायचे. पहिला सोट उचलायचा मान पालवांच्या घराचा. मास्तरांचे वडील तो उचलत, मग मास्तर उचलू लागले, आणि आमदार झाल्यावरही एक वर्ष चुकलं नाही. त्यांच्या पहिल्या निवडणुकीत खांद्यावर सोट घेतलेला त्यांचा फोटो गावोगावी लागला होता. लोकांनी त्या फोटोला मत दिलं असं म्हटलं तरी चालेल.

आणि त्याच मास्तरांनी चौदा वर्षांत मतदारसंघात एकतीस सिमेंटचे साकव बांधून घेतले होते. पलीकडच्या वाडीचा त्यांत नव्हता.

हे समजायला मास्तरांची रीत माहीत असायला हवी. त्यांनी सही करताना कधी कागद न वाचता केली नाही, आणि नात्यात सही केली नाही. स्वतःच्या मुलाच्या नोकरीसाठी नाही, भाच्याच्या बदलीसाठी नाही. माझ्या धाकट्या भावासाठी मी एकदा चाचरत तोंड उघडलं, तर म्हणाले, "शेंडगे, तुम्ही तर घरचेच," आणि मला चहा पाजून परत पाठवलं. घरचा म्हणवून घेण्याचा इतका तोटा मला कधी झाला नव्हता. सभागृहात ते फार बोलत नसत, पण गावच्या जत्रांना सरकारी अनुदान द्यावं असा प्रस्ताव आला तेव्हा स्वतःच्या पक्षाच्या विरोधात उभे राहिले. "सरकार जावयासारखं असतं," ते म्हणाले होते, "एकदा ओसरीवर बोलावलं की मग आत काय शिजवायचं तेही तोच सांगतो." सभागृह हसलं. पक्षाच्या लोकांना हसू आलं नाही. जे बापजाद्यांनी घालून दिलं ते कारण सापडल्याशिवाय मोडू नये, जे गावाच्या हातानं होतं ते सरकारकडे मागू नये, आणि आपल्या माणसाला सगळ्यांच्या शेवटी वाढावं, एवढ्यावर त्यांचं सगळं राजकारण उभं होतं. लोक त्यांना जुनाट म्हणत आणि मतंही त्यांनाच देत.

"आणि दुसरां सांगतंय," मास्तर आक्कांना म्हणाले. "मुंबयसून माणसां येतत ती साकव घालूचो आसता म्हणान येतत. शिमिटाचो झालो की कोण येतलो? घरांका कुलपां पडतली."

"आताच कोण येता? गेल्या वर्षी सात जण इले. तेंच्यातले दोघे नुसते माशे खावक इल्ले."

बाहेर बाकड्यावर कोणीतरी हसलं. मास्तर हसले नाहीत.

"ह्या वर्षी येतले. सगळ्यांक पत्रां घातलंय." ते खरं होतं. अडतीस पत्रं मीच टाइप केली होती.

आक्कांनी अर्जाची घडी उचलली नाही. त्या टेबलावर पुढे वाकल्या आणि बाहेर ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाल्या, "विश्राम, सुनंदाक सातवो लागलो."

सुनंदा म्हणजे शेजारच्या घरातली सून. नवरा मुंबईत वॉचमन. आदल्या वर्षी श्रावणात लाकडी साकव वाहून गेला आणि दुसऱ्याच दिवशी तिला कळा सुरू झाल्या. व्हाळ उतरेपर्यंत दीड दिवस गेला. वाडीतल्या बायकांनी जमेल ते केलं. सुनंदा वाचली, मूल वाचलं नाही. मास्तर त्या वेळी अधिवेशनाला मुंबईत होते. बातमी मीच त्यांना दिली होती, आणि त्यांनी त्या दिवशीचं सगळं कामकाज केलं, सगळे अर्ज वाचले, फक्त जेवले नाहीत.

"दिवस कधी भरतत?" त्यांनी विचारलं.

"आषाढात."

सिमेंटचा साकव मंजूर होऊन बांधून व्हायला एक वर्ष लागतं. म्हणजे सही झाली असती तरी या आषाढाला लाकडीच लागणार होता. हे आक्कांनाही ठाऊक होतं. त्या पुढच्या सुनंदांसाठी आल्या होत्या.

"मी सत्तावीस तारखेक येतंय," मास्तर म्हणाले. "ह्या वर्षी पक्को घालूया. चार महिने हलूचो नाय असो."

"तू म्हातारो झालंस," आक्का म्हणाल्या आणि उठल्या. अर्ज टेबलावरच राहिला. मास्तरांनी पुढचा कागद ओढला.

सत्तावीसला सकाळी आम्ही जीपनं गेलो आणि शेवटची वाट चालत. व्हाळाच्या अलीकडे माडाचे दोन सोट सोलून ठेवलेले होते, सुंभाची वेटोळी होती, बांबूचे भारे होते. लाकूड व्यवस्थित होतं. माणसंच तेवढी नव्हती.

गावचा घाडी, म्हणजे देवापुढे गाऱ्हाणं घालणारा, गणू म्हातारा आला होता. त्याला दम्यानं धरलं होतं. तुकाराम मेस्त्री आला होता, एक डोळा गेलेला. मुंबईहून तीन जण. त्यातला एक पाठीला पट्टा बांधून. मी आणि मास्तर धरून सात. वाडीतल्या बायका पलीकडच्या काठावर पेजेचं पातेलं आणि माशांचं कालवण घेऊन बसल्या होत्या, कारण साकवाच्या दिवशी पुरुषांना जेवू घालणं हे त्यांचं काम. साकवाच्या लाकडाला बाईमाणसाचा हात लागायचा नाही, अशी रीत होती. का, हे मी एकदा गणू घाड्याला विचारलं होतं. तो म्हणाला होता, "लागूक नाय म्हणान."

मास्तर अर्धा तास थांबले. मग तासभर थांबले. एस.टी. येऊन गेल्याचा आवाज आला, तेव्हा वाटेकडे बघत राहिले. वाटेनं एक कुत्रं आलं.

"रजा गावली नसतली," पाठीला पट्टा बांधलेला म्हणाला.

"पस्तीस जणांक?" तुकाराम मेस्त्री म्हणाला.

मास्तरांनी सदरा काढून माझ्याकडे दिला, धोतराचा काचा मारला आणि पाण्यात उतरले. सहासष्ट वर्षांचा माणूस. बरगड्या मोजता आल्या असत्या. मीही पॅण्ट गुडघ्यापर्यंत दुमडून उतरलो. खालचे गोटे शेवाळलेले, मधे गुडघ्याएवढं पाणी. काठावरून सोट पाण्यात ढकलून मधल्या खांबावर चढवायचा, असं काम. सात जणांत ते होत नाही हे मला पहिल्या दहा मिनिटांत कळलं. मास्तरांना त्याही आधी कळलं असणार. सोट दोनदा वर गेला आणि दोनदा खाली आला. दुसऱ्यांदा तो मेस्त्रीच्या पायावर येता येता राहिला. गणू घाड्याला अशी ढास लागली की त्याला गोट्यावर बसवावं लागलं. ऊन डोक्यावर आलं होतं.

"मास्तर," मी म्हणालो, "बांधकाम खात्याच्या माणसांना बोलवू. एका दिवसात करून देतील."

"कुणाच्या नावानं बोलवाल?"

 त्यांच्याच नावानं बोलवावं लागलं असतं.

आम्ही तिसऱ्यांदा सोटाखाली खांदे घातले, आणि पलीकडून पाण्यात काहीतरी पडल्यासारखा आवाज आला. बघतो तर आक्का. नऊवारी वर खोचलेलं, पदर कमरेला. त्यांच्या मागून एकेक करत सगळ्या. अकरा बायका असतील. पोटुशी सुनंदा तेवढी काठावर पेजेपाशी राहिली.

गणू घाडी गोट्यावरून म्हणाला, "आक्का, बायलमाणसाचो हात लागूक नाय ह्या लाकडाक."

आक्कांनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. भावाकडे बघितलं. मास्तर सोटाखाली वाकलेले, मानेची शीर ताठलेली. मी शेजारीच होतो. त्यांचा चेहरा मला दिसत होता आणि तो मला बघवत नव्हता. आयुष्यभर सांगितलेलं होतं की रीत मोडू नये आणि गावाचं काम गावानं करावं. आता त्या दोन्ही गोष्टी एकाच वेळी पाळता येत नव्हत्या.

"लागांदे," मास्तर म्हणाले.

बायका सोटाखाली आल्या. त्यांना सवय नव्हती असं म्हणायची सोय नाही. वर्षभर डोक्यावरून पाणी, लाकूड, भाताचे भारे त्याच नेत होत्या. सोट खांबापर्यंत असा वर गेला की मला माझीच लाज वाटली. आता तो खांबावर बसवायचा, पण त्याआधी गाऱ्हाणं घालायचं असतं. साकवाचं गाऱ्हाणं घाड्यानं नाही, पालवांच्या घरातल्या वडीलधाऱ्यानं घालायचं, आणि गाऱ्हाणं पुरं होईपर्यंत पहिला सोट खांद्यावरून उतरवायचा नाही.

"मास्तर, घाला," घाडी म्हणाला.

मास्तरांनी तोंड उघडलं. आवाज आला नाही. पुन्हा उघडलं. छाती भात्यासारखी वरखाली होत होती आणि शब्द फुटत नव्हता. सगळे थांबले. खांद्यावरचं लाकूड जड होत चाललं.

"आक्का," मास्तर कसेबसे म्हणाले, "तू घाल. माज्यापरास थोरली तू आसंस."

आक्कांनी क्षणभर डोळे मिटले. मग खणखणीत आवाजात सुरू केलं, जणू आयुष्यभर त्यांनी तेच पाठ केलं होतं. पाठ केलंच असणार. काठावर बसून सत्तर वर्षं ऐकलेलं.

"बा देवा म्हाराजा, आज तुजी लेकरां ह्या व्हाळात उभी आसत."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले. गाऱ्हाण्याला असा होकार सगळ्यांनी मिळून द्यायचा असतो. एकदा दिला की ते मागणं सगळ्या गावाचं होतं आणि देवापुढे दिलेला शब्द होतो.

"जे येवक नाय, तेंचो राग धरू नको. थंय तेंका सुखी ठेव."

"व्हय म्हाराजा."

"आज पयल्यांदा तुज्या लाकडाक बायलमाणसाचो हात लागलो. चुकला आसात तर पदरात घी."

"व्हय म्हाराजा." या वेळी बायकांचा आवाज मोठा होता.

"ह्या लाकूड चार महिने टिकांदे. सुनंदा धडपणी पलीकडे जावंदे आणि दोघां व्हवन परत येवंदे."

"व्हय म्हाराजा." मास्तरांना आता आवाज सापडला होता. शाळेच्या मैदानावर शेवटच्या रांगेपर्यंत जायचा तो आवाज.

आक्का थांबल्या नाहीत. त्याच चालीत, त्याच दमात म्हणाल्या, "आणि आमच्या घरातलो एक माणूस सरकारात आसा. तेच्या हातची सही ह्या वाडीक गावांदे. फुडच्या मिरगाच्या आदी हंय शिमिटाचो साकव होवंदे, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!"

सगळ्यांनी म्हटलं. मीसुद्धा म्हटलं, घाटी असून. आणि सगळ्यांच्या वर, खर्जातला, मास्तरांचा आवाज होता.

 गणू घाड्याच्या लक्षात आधी आलं. त्याला हसू आलं आणि हसण्यानं पुन्हा ढास लागली. तुकाराम मेस्त्री एका डोळ्यानं मास्तरांकडे बघत राहिला. पाठीला पट्टा बांधलेला म्हणाला, "मास्तरांनीच व्हय म्हटला ना?" आणि त्याला कोणीतरी कोपरानं ढोसलं.

मास्तर "उतरा," एवढंच म्हणाले, आणि सोट खांबावर बसवला. मग दिवसभर काम चाललं. दुसरा सोट, आडवे बांबू, सुंभाच्या गाठी, हाताशी कठडा. बायकांनी गाठी अशा मारल्या की तुकाराम मेस्त्री दोनदा ओढून बघून गप्प बसला. संध्याकाळी पेज आम्ही सगळ्यांनी मिळून खाल्ली, कोणी कोणाला वाढलं नाही.

परतताना जीपमध्ये मला त्यांची दया येत होती. साठ वर्षांची सवय माणसाच्या तोंडून काय वदवून घेईल सांगता येत नाही, असं माझ्या मनात येत होतं. गाऱ्हाणं ऐकलं की लहानपणापासून तोंड आपोआप उघडतं. आक्कांनी बरोबर तिथेच गाठलं. देवापुढचा शब्द मोडला तर ते मास्तर नाहीत आणि पाळला तर नात्यात सही. इकडे आड, तिकडे विहीर.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता त्यांनी मला कागद मशीनवर चढवायला सांगितला. पलीकडच्या वाडीच्या साकवाचं शिफारसपत्र. "सदर वाडी माझे जन्मस्थान असून तेथे माझी सख्खी बहीण राहते," हे वाक्य त्यांनी मुद्दाम घातलं. मी म्हटलं, हे कशाला, कोणी विचारणार नाही. ते म्हणाले, "विचारणार नाहीत म्हणूनच घाला." वाचलं, सही केली, तारीख घातली.

मग म्हणाले, "शेंडगे, आणखी एक पत्र. पक्षाला."

ते पत्र चार ओळींचं होतं. येत्या निवडणुकीला मी उभा राहणार नाही, माझा विचार करू नये.

माझी बोटं मशीनवर थांबली. "एका साकवासाठी?"

"चौदा वर्षं मी लोकांना नाही म्हटलं. त्यांनी ऐकून घेतलं, कारण घरच्यांनाही नाहीच म्हणत होतो. आता उद्या एखादा आपल्या पोराचा अर्ज घेऊन येईल, त्याला नाही म्हणायला तोंड कुठून आणू? टाइप करा."

पक्षाची माणसं आली, समजावून गेली. पुन्हा आली, चिडून गेली. एकानं तर मलाच बाजूला घेऊन विचारलं की म्हाताऱ्याला नक्की किती हवेत. मास्तर हटले नाहीत. अर्ज मात्र पूर्वीसारखेच वाचत राहिले, रोज, शेवटच्या अंगठ्यापर्यंत.

आषाढातल्या तिसऱ्या आठवड्यात दुपारी आक्का कार्यालयात आल्या. छत्री दारात ठेवली, पदराला हात पुसले आणि माझ्या टेबलावर पेढ्यांचा पुडा ठेवला. सुनंदाला पहाटे खुर्चीत बसवून चौघींनी साकवावरून आणलं होतं. पाणी साकवाच्या दीड हात खाली होतं आणि साकव हलला नव्हता. मुलगी झाली होती. दोघी सरकारी दवाखान्यात सुखरूप होत्या. मी हे सगळं ऐकलं, पेढा तोंडात घातला आणि, कसं कोण जाणे, बोलून गेलो की मास्तर आता उभे राहणार नाहीत.

आक्कांना ते माहीत नव्हतं. वाडीत अजून पोचलंच नव्हतं. त्या तशाच आतल्या खोलीत गेल्या. दोन खोल्यांच्या मधे दार होतं, पण ते कधी लागत नसे. मी उठून बाहेर जायला हवं होतं. मी गेलो नाही.

"विश्राम, मी साकव मागलंय. तुजी आमदारकी मागूक नाय."

"म्हायत आसा."

"मगे ह्या काय केलंस? माज्यामुळे?"

"बस, आक्का. पेढो दी."

"मी तुका फसवलंय," आक्का म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज फुटला. "देवाचा नाव घेवन फसवलंय. माका म्हायत होता, तुज्या तोंडातसून आपसूक व्हय येतला. म्हणानच मी मधे थांबूक नाय. त्या दिसापासून माका झोप नाय."

आत कागद सळसळला. मला वाटलं, अर्ज वाचतायत.

"आक्का," ते म्हणाले, "बावीस वर्षां मी पोरांचे पाडे ऐकलंय. कोण खंय चुकता, ता माका झोपेत कळता. तुया 'आमच्या घरातलो एक माणूस' म्हटलंस तेवाच मी समाजलंय, फुडे काय येतला."

"मगे गप ऱ्हवाचा होता."

"ऱ्हवूचा नाय होता."

"कित्याक?"

"दमलंय गो मी. चौदा वर्षां नाय, नाय, नाय म्हणान दमलंय. सुनंदाचा पोर गेला त्या दिसापासून तर रोज सकाळी उठान स्वताकच नाय म्हणा होतंय. नेम माजो, मीच केल्लो, मीच कसो मोडू? कोणीतरी मोडूक लावूक होया होता. तुया लावलंस. उपकार झाले तुजे."

मी टाइपरायटरवर हात ठेवून बसलो होतो. इतकी वर्षं मला वाटत होतं की या माणसाला नाही म्हणायला काहीच लागत नाही. तो त्यांचा स्वभावच, असं मी येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकानं सांगतही असे. मला ऐकताना लाज वाटत होती आणि उठवत नव्हतं.

"माका सांगूक काय झाला होता?" आक्का रडत म्हणाल्या. "मी दर म्हयन्याक हंय येय होतंय. समोर बसा होतंय."

"येय होतंस," मास्तर म्हणाले. "कधी अर्ज, कधी कोणाची पेन्शन, कधी रस्तो. मागूक येय होतंस, आक्का. सगळेच मागूक येत होते. कसो आसंस, म्हणान इचारूक कोण येय होता?"

आतून खुर्ची पुढे ओढल्याचा आवाज आला. मग आक्कांनी त्यांना विचारलं, जेवलास का. त्यांनी नाही म्हणून सांगितलं.

मी त्या दाराच्या अलीकडे नऊ वर्षं बसत होतो. मीही कधी विचारलं नव्हतं.